एसओडी-१ ची जोडी आणि एका अमिनो आम्लाचा फरक

जनुकातले एक अक्षर बदलते, त्यामुळे प्रथिनातले एक अमिनो आम्ल बदलते, प्रथिनाचे काम बंद पडते आणि रोग होतो, ही मांडणी आपण शालेय पुस्तकांपासून वाचत आलो आहोत. पुष्कळ आनुवंशिक रोगांना ती लागूही पडते. एसओडी-१ या मानवी प्रथिनाला मात्र ती लागू पडत नाही, आणि ती का लागू पडत नाही याचा शोध घेताना प्रथिनांच्या रचनेविषयी जेवढे उमगते, तेवढे मला तरी दुसऱ्या कोणत्याही एका उदाहरणातून उमगलेले नाही.

एसओडी-१ हे आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत मुबलक असणारे एन्झाइम आहे. प्राणवायूपासून तयार होणाऱ्या सुपरऑक्साइड या उपद्रवी रेणूचे ते हायड्रोजन पेरॉक्साइड आणि प्राणवायू यांत रूपांतर करते. हे कार्य जो मॅकॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी १९६९ साली दाखवून दिले. प्रथिनाची साखळी १५३ अमिनो आम्लांची असते. तिच्या आठ पट्ट्या एकमेकींना लागून एक पिंपासारखी घट्ट रचना बनवतात आणि तिच्यात तांब्याचा एक व जस्ताचा एक अणू बसतो. अशा दोन एकसारख्या साखळ्या एकमेकींना चिकटून जोडी बनवतात, आणि पेशीत एसओडी-१ काम करते ते या जोडीच्या रूपात. जोडी जमलेले, दोन्ही धातू बसलेले हे प्रथिन इतके टणक असते की ते उलगडायला सुमारे ९० अंश सेल्सिअस तापमान लागते.

१९९३ साली या प्रथिनाच्या जनुकातील उत्परिवर्तनांचा, म्हणजे अक्षरबदलांचा, संबंध एएलएस या रोगाच्या आनुवंशिक प्रकाराशी जोडला गेला. या रोगात स्नायूंना आज्ञा पोहोचवणाऱ्या चेतापेशी मरत जातात आणि अखेर श्वासाचे स्नायूही निकामी होतात. एन्झाइम दुबळे झाल्याने सुपरऑक्साइड साचत असेल आणि त्यामुळे पेशी मरत असतील, असा तर्क तेव्हा साहजिकच पुढे आला. पण तो टिकला नाही. ज्या उंदरांमधून हे जनुक पूर्णपणे काढून टाकले त्यांना एएलएससारखा रोग झाला नाही, आणि ज्या उंदरांमध्ये स्वतःचे एसओडी-१ शाबूत ठेवून उत्परिवर्तित मानवी जनुकाची भर घातली ते मात्र पंगू होऊन मेले. म्हणजे बदललेले प्रथिन स्वतःच काहीतरी घातक करत होते, आणि ते काय, याचे उत्तर त्याच्या रचनेत शोधणे भाग होते.

सर्वांत बोलके उदाहरण चौथ्या स्थानाचे आहे. तिथे ॲलनिनऐवजी व्हॅलिन येते, म्हणजे डीएनएमधील एका सीच्या जागी टी येतो आणि प्रथिनात दोन कार्बन व चार हायड्रोजन अणूंची भर पडते. एवढ्याशा फरकाने होणारा रोग इतका वेगवान असतो की लक्षणे दिसू लागल्यापासून रुग्ण बहुधा एक ते दीड वर्षच जगतो. स्फटिकरूपात या उत्परिवर्तित प्रथिनाची रचना पाहिली, तर पहिल्या दृष्टीत काहीच बिघडलेले दिसत नाही: पिंप तसेच, पट्ट्या तशाच, जोडीही जमलेली. बारकाईने पाहिल्यावर कळते की हे स्थान दोन साखळ्या जिथे एकमेकींना भिडतात त्या पृष्ठभागाच्या अगदी लगत आहे, तिथल्या दाटीत व्हॅलिनला जागा करून देताना आजूबाजूची अमिनो आम्ले सरकली आहेत, आणि दोन्ही साखळ्यांची परस्परांसापेक्ष स्थिती किंचित बदलली आहे. द्रावणात ही जोडी मूळ जोडीपेक्षा सहज सुटते. ११३ व्या स्थानी आयसोल्युसिनऐवजी थ्रिओनिन आणणारे उत्परिवर्तनही याच भिडणाऱ्या पृष्ठभागावर आहे.

जोडीला इतके महत्त्व का, हे कळण्यासाठी प्रथिन घडते कसे ते पाहावे लागते. नुकतीच तयार झालेली साखळी एकटी असते. तिच्यात धातू नसतात आणि ५७ व १४६ या स्थानांवरील सिस्टीन या गंधक असलेल्या अमिनो आम्लांमधला गंधकाचा (डायसल्फाइड) बंधही नसतो. पुढे ती जस्त घेते, आणि एक सहायक प्रथिन तिला तांबे पोहोचवते व तो डायसल्फाइड बंधही घडवून आणते. ५७ वे सिस्टीन ज्या वळशात आहे तोच वळसा दोन साखळ्यांच्या भेटीच्या पृष्ठभागाचा भाग आहे. गंधकाचा बंध हा वळसा पिंपाला बांधून ठेवतो, वळसा जागेवर राहिला की जोडी पक्की जमते, आणि जोडी जमली की आतला बंध सुरक्षित राहतो. धातूविरहित, बंधविरहित एकटी साखळी शरीराच्या तापमानापेक्षा जेमतेम काही अंश वरच उलगडू लागते. अनेक उत्परिवर्तनांमुळे ती मर्यादा शरीराच्या तापमानाच्याही खाली जाते. अशी अर्धवट उलगडलेली साखळी आपले तेलकट, पाण्यापासून दूर राहू पाहणारे भाग झाकू शकत नाही; ते भाग तशाच दुसऱ्या साखळ्यांना चिकटतात आणि गुठळ्या होऊ लागतात. रुग्णांच्या चेतापेशींत एसओडी-१ च्या गुठळ्या प्रत्यक्ष सापडतात. घडलेल्या प्रथिनाच्या कामापेक्षा न घडलेल्या प्रथिनाचे हे भटकणे अधिक घातक आहे, असे माझे मत या साऱ्या वाचनानंतर झाले आहे.

तरीही सगळा हिशेब जोडीवर ढकलून चालणार नाही. ४६ व्या स्थानी हिस्टिडिनऐवजी आर्जिनिन आले की तांब्याची जागाच बिघडते आणि एन्झाइमचे काम जवळजवळ थांबते, पण जपानमधील कुटुंबांत आढळलेला हा प्रकार फार सावकाश वाढतो. उलट चौथ्या स्थानी बदल झालेले प्रथिन, त्याला तांबे मिळाले असेल तर, आपले काम चांगले करते आणि तरीही वेगाने जीव घेते. ९० व्या स्थानी ॲस्पार्टिक आम्लाऐवजी ॲलनिन येणारा बदल भेटीच्या पृष्ठभागापासून दूर आहे. स्वीडन आणि फिनलंडमध्ये तो बहुधा आई-वडील दोघांकडून आला तरच रोग होतो, आणि तोही संथ असतो. एकाच प्रथिनातल्या या बदलांना एकच नाव देऊन मोकळे होणे मला म्हणूनच अपुरे वाटते.

उपचारात आज जे हाती आहे ते जोडीच्या प्रश्नाला बगल देते. २०२३ साली अमेरिकेत सशर्त मान्यता मिळालेले टोफरसेन हे औषध पाठीच्या कण्यातील द्रवात टोचले जाते आणि एसओडी-१ चा संदेशवाहक आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठी पेशी वापरते ती जनुकाची नक्कल, नष्ट करवून प्रथिन मुळातच कमी तयार होऊ देते. चांगली साखळी आणि बिघडलेली साखळी असा भेद ते करत नाही. ज्या मोजक्या मुलांमध्ये हे एन्झाइम जन्मतःच काम करत नाही त्यांना अगदी लहान वयात हालचालींचे गंभीर विकार झाल्याचे २०१९ साली नोंदले गेले, त्यामुळे प्रथिन किती कमी करावे याला मर्यादा आहे. या कारणाने दुसऱ्या वाटेविषयी मला अधिक आस्था आहे. दोन साखळ्यांच्या मधोमध, १४८ व्या व्हॅलिनजवळ, एक लहान पोकळी आहे. तिच्यात बसून किंवा १११ व्या सिस्टीनला धरून जोडी सुटू न देणारे लहान रेणू प्रयोगशाळेत तपासले गेले आहेत, आणि त्यांतील काहींनी चौथ्या स्थानी बदललेल्या प्रथिनाचीही जोडी टिकवून धरली आहे.