शेकहँडचं कौतुक

घरी पाहुणे आले की सगळ्यांना आमच्या कुत्रीचा, गुंडीचा शेकहँड बघायचा असतो. तिनं पंजा पुढे केला की ‘अगंबाई, किती हुशार!’ होतं आणि चहा थंड होतो. मला त्या शेकहँडचं काही विशेष वाटत नाही. काहीतरी हवं असलं की पंजा पुढे करणं कुत्र्याच्या अंगातच असतं, आणि ठाण्यात आमच्या पाचपाखाडीच्या रस्त्यावर त्याचा काडीचाही उपयोग नाही. गुंडीची हुशारी बघायची असेल तर तिच्यासोबत संध्याकाळी वडापावच्या गाडीवरून जावं.

गाडीच्या खाली तेलकट कागदांचा सडा असतो. कागदाला चिकटलेली सुकी चटणी म्हणजे निम्मा लसूण, आणि लसूण-कांदा पोटात गेला तर कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. जरा पुढे चायनीजची गाडी, तिथे कोंबडीची हाडं. शिजलेलं हाड चावलं की त्याचे सुळ्यासारखे तुकडे होतात आणि ते घशात नाहीतर आतड्यात रुततात. त्यामुळे बाकी काही आलं नाही तरी चालेल, पण ‘सोड’ आलंच पाहिजे, हे मी पहिल्यापासून धरून बसले होते.

‘बस’ शिकवणं सोपं. खाऊ नाकासमोरून डोक्यावर मागे नेला की मान वर जाते आणि बूड आपोआप खाली टेकतं. ‘सोड’ला मात्र चिकाटी लागते. मुठीत उकडलेल्या चिकनचा तुकडा घेऊन मूठ तिच्यापुढे धरायची. ती हुंगणार, चाटणार, पंजानं खरवडणार, शेवटी कुंईऽ करून दाखवणार. आपण गप्प. कंटाळून ती तोंड मागे घेते, त्याच क्षणी दुसऱ्या हातातून दुसरा तुकडा द्यायचा. मुठीतला द्यायचा नाही, कधीच नाही. जे सोडायला सांगितलं तेच शेवटी मिळतं, असा तिचा समज झाला की संपलंच. मूठ जमली की उघडा तळहात, मग फरशी, मग जिना, आणि सगळ्यात शेवटी रस्ता.

यातली खरी मेख ‘त्याच क्षणी’ या दोन शब्दांत आहे. बाबांना ती काही केल्या पटत नव्हती. गुंडी बसायची, बाबा ‘शाब्बास’ म्हणून खिशातली प्लॅस्टिकची पिशवी काढायचे, तिची गाठ सोडायचे, चष्मा कपाळावर ढकलून त्यातल्या त्यात लहान तुकडा निवडायचे. तोवर गुंडी उठून उभी. मग बक्षीस कशाचं मिळालं? उठल्याचं. लाळ गाळणाऱ्या कुत्र्यांवरच्या प्रयोगांमुळे रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह सगळ्यांना ठाऊक आहेत, पण त्यांना १९०४ सालचं नोबेल मिळालं ते पचनावरच्या कामासाठी. मला हे फार शोभून दिसतं. कुत्र्याचं शिक्षण डोक्यात पोटामार्गेच जातं.

‘थांब’ शिकवायला मला कष्ट पडले नाहीत, ते काम लिफ्टनं केलं. आमची लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची. दार सरकवलं आणि गुंडी पुढे झेपावली की मी दार पुन्हा लावायचे. ती जागच्या जागी राहिली तरच उघडायचे. ओरडणं नाही, पट्ट्याला हिसका नाही. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा कुत्र्यांना घाबरतात. आधी ते आम्हाला बघून ‘तुम्ही जा, मी जिन्यानं येतो’ म्हणायचे, गुडघे दुखत असताना. आता ते आधी आत जातात, आम्ही पुढच्या खेपेला. जाताना जाळीतून ‘थँक यू गं बाळा’ म्हणतात, ते मला नसतं.

राहिलं ‘ये’. उपवन, वसंत विहारच्या बाजूला राहणाऱ्यांनी हे तर घोटूनच घ्यावं. तिथून येऊरचं जंगल लागूनच आहे, आणि तिथल्या बिबट्यांच्या खाण्यात कुत्री असतातच. अंधार पडल्यावर पट्टा सुटला तर एका हाकेत कुत्रं माघारी यायला हवं. आणि ते यायचं असेल तर ‘ये’ म्हटल्यावर त्याच्या वाट्याला वाईट काही येता कामा नये. रागवायला, औषध पाजायला, नखं कापायला हाक मारायची नाही, आपण उठून त्याच्याजवळ जायचं. आमच्याकडे आई रविवारी बादली भरून ‘गुंडी, ये ये ये’ करायची आणि गुंडी दिवाणाखाली जायची. ते मी बंद करायला लावलं.

‘तुला मी जन्मभर आंघोळीला हाका मारूनच बोलावलं,’ आई म्हणाली. ‘तू कुठे बिघडलीस?’

आता यावर काय बोलणार. पहिल्या हाकेला मी कधी आल्याचं दोघींनाही आठवेना.