बोटांवरचा आळ

दुपारच्या सुस्तीत शेजारच्या टेबलावरची टकटक ऐकत बसलो होतो. स्क्रीन दिसत नव्हती, तरी सहकारी कुठे चुकतोय ते कळत होतं. सलग टकटक, मग मध्येच ताल तुटायचा, मग बॅकस्पेसवर चिडके ठोके.

आमच्या आत्याचंही असंच होतं. टायपिंगचं काम ती घरी आणायची. मूळ कागदाखाली दोन कार्बन. मशीनच्या दांड्या एकमेकींत अडकल्या की त्या सोडवायचं काम माझं. हात काळे व्हायचे म्हणून मी अडकायची वाटच बघायचो. तिची नजर डावीकडच्या मजकुरावर खिळलेली. मध्येच ‘च्च’ करून थांबायची. मी वाकून बघावं, तर खरंच एक अक्षर चुकलेलं! न बघता कळायचं कसं हिला?

लोगन आणि क्रम्प या मानसशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये हेच तपासलं. सराईत टायपिस्टांच्या बरोबर शब्दांत त्यांनी गुपचूप चुका घुसवल्या आणि खऱ्या चुका परस्पर दुरुस्त केल्या. टायपिस्टांनी स्क्रीनवर विश्वास ठेवला आणि न केलेल्या चुकाही पदरात घेतल्या. बोटं मात्र फसली नाहीत. ती खऱ्या चुकीनंतरच मंदावत होती.

बोटं चुकतात तीही रीतसर. इंग्रजी ‘द’मधले टी आणि ई डाव्या हाताचे, एच उजव्याचा. उजवा जरा रेंगाळला की ‘टी-ई-एच’ उमटतं. ‘बुक’मध्ये ओ दोनदा हवा, दोनदा दाबायचं एवढं लक्षात राहतं, पण कुठलं ते निसटतं आणि के दोनदा पडतो. रोमन अक्षरांतून मराठी लिहिताना शिफ्ट निसटली, की ण चा न आणि ळ चा ल.

म्हणून पानभर तोच शब्द त्याच ऱ्हस्व वेलांटीने चुकवून वर ‘टायपो झाला हो’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. बिचाऱ्या बोटांवर कशाला आळ?

फोनवर तर बोटांचं काही चालतच नाही. काचेला ना कड, ना खळगा. त्यातून आपण नीट लिहिलेला शब्द फोनच बदलतो, तोही असा की खाली लाल रेघ येत नाही. तिथे मात्र कोणी ‘टायपो’ म्हणालं, तर मी मुकाट्याने मान डोलावतो.