रिद्धपूर आणि कुलूप लावलेली पोथी

अमरावतीहून एसटीने निघालो, मोर्शीच्या बाजूला सगळ्या संत्र्याच्या बागा, आणि शेजारचे काका पूर्ण वेळ विचारत होते की रिद्धपूरला नातेवाईक कोण. कोणी नाही म्हटलं, पोथ्या बघायला चाललोय. मग ते गप्पच झाले 😄

रिद्धपूर म्हणजे महानुभाव पंथाचं (चक्रधर स्वामींच्या अनुयायांचं) मोठं ठिकाण, चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांचं गाव. म्हाइंभटांनी लीळाचरित्र, म्हणजे चक्रधरांच्या आठवणींचा गद्य ग्रंथ, इथल्याच वाजेश्वरी नावाच्या ठिकाणी बसून लिहिला असं मानतात, तेराव्या शतकात, चक्रधर स्वामींना प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांना गाठून, विचारून विचारून. आता गंमत (खरं तर वाईट) अशी की ती मूळ प्रत खिलजीच्या धाडीच्या धामधुमीत गेली असं परंपरा सांगते. मग ज्यांना पाठ होतं त्यांनी आठवून परत लिहिलं, त्यात हिराइसा नावाच्या बाईंची स्मरणशक्ती जबरदस्त. प्रत्येकाची आठवण वेगळी, म्हणून पाठभेद, त्याला हे लोक 'वासना' म्हणतात. मला हा शब्द फार आवडला.

एका मठात दंडवत प्रणाम करून बसलो. बाबांनी लाल फडकं सोडलं, आत सुट्टी पानं, काळी शाई, शब्दांमध्ये जागाच नाही, आणि एक अक्षर कळेना. देवनागरीसारखं दिसतं पण वाचताच येत नाही. "ही सकळ लिपी, एका अक्षराच्या जागी दुसरं," बाबा हसत म्हणाले. "किल्ली पाहिजे ना!" ती किल्ली पंथाबाहेर गेली विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी लिपी उलगडली तेव्हा.

आणि इथेच मला ज्ञानेश्वरी आठवली. ती सगळ्यांच्या हातात होती, नकला करता करता इतकी बदलली की एकनाथांना शके 1506 मध्ये (म्हणजे 1584) बसून शुद्ध करावी लागली. वर त्यांनी दम दिला, यात स्वतःची ओवी घालणारा म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवणारा! इकडे पोथी सकळ लिपीच्या कुलपाआड राहिल्यामुळे तिच्यातली यादवकाळची बोलती मराठी बरीचशी तशीच राहिली असं मला वाटतं, अर्थात सहाशे वर्षं बाकीच्यांना वाचायलाच मिळाली नाही हेही आहेच.

फोटो काढू का विचारलं तर बाबा म्हणाले, "पानाला हात नका लावू, घाम असतो." मग नुसतं बघत बसलो. एका पानाच्या समासात कुणीतरी गाळलेला शब्द बारीक अक्षरात लिहून वरती काकपद (शब्द गाळल्याची खूण) टाकलं होतं. परतीची एसटी चुकली ती त्याच पानापायी.