आयर्लंडमध्ये फॅशन बघायला जायचं तर आधी म्युझियम, मग कॉलेज, मग गिरणी

जूनमध्ये आयर्लंडला जाणार असाल आणि कपडा, विणकाम, शिवण यात थोडाजरी जीव असेल तर तिथल्या डिझाइन कॉलेजांची ग्रॅज्युएट प्रदर्शनं चुकवू नका, एवढं सांगायलाच हे लिहायला घेतलंय. माझी भाची डब्लिनला शिकते, माझा इथे पुण्यात छोटासा शिवणकामाचा स्टुडिओ आहे, त्यामुळे डोंगर-समुद्र-किल्ले हे सगळं दुसऱ्या नंबरवर गेलं आणि आम्ही दोघी कपड्यांच्याच मागे फिरलो.

व्हिसाचं आधी सांगते कारण गोंधळ तिथेच होतो. आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपच्या सामायिक व्हिसाच्या गटात नाही, भारतीय पासपोर्टवर वेगळा व्हिसा काढावा लागतो. लंडनपण जोडून करायचं असेल तर ब्रिटिश-आयरिश व्हिसा स्कीम बघा, एकाच व्हिसावर दोन्हीकडे फिरता येतं, फक्त ज्या देशाने व्हिसा दिलाय तिथे आधी उतरायचं. प्रदर्शनाच्या तारखा कॉलेजच्या साइटवर उशिरा येतात, त्यांची वाट बघत बसू नका, जूनचा पहिला-दुसरा आठवडा धरून अर्ज टाकून द्या आणि तारीख आली की आतला प्लॅन बदला. डब्लिनमध्ये उन्हाळ्यात हॉटेलं भयंकर महाग, त्यापेक्षा तिथली विद्यापीठं सुट्टीत होस्टेलच्या खोल्या बाहेरच्यांना भाड्याने देतात त्या शोधा, स्वच्छ असतात आणि स्वयंपाकघर मिळालं तर जेवणाचे पैसे वाचतात. लीप कार्ड म्हणजे तिकडचं प्रवासाचं कार्ड एअरपोर्टवरच घ्या, बस आणि लुआस म्हणजे तिकडची ट्राम दोन्हीला चालतं.

आता मुद्द्याचं. पहिल्या दिवशी कॉलेजला जाऊ नका. आधी डब्लिनच्या कॉलिन्स बॅरक्समधलं नॅशनल म्युझियम करा, लुआसच्या रेड लाइनवर स्टॉपचं नावच म्युझियम आहे, उतरलात की समोर. प्रवेश फुकट. रविवारी आणि सोमवारी दुपारी १ ला उघडतं, बाकी दिवशी सकाळी १० ला. तिथे अडीचशे वर्षांतले आयरिश कपडे बघायला मिळतात. हे आधी का बघायचं, तर तिकडची पोरं जे करतायत ते सगळं कुठल्या ना कुठल्या जुन्या गोष्टीला धरून असतं आणि ती गोष्टच माहीत नसेल तर समोर फक्त एक छान पांढरा ड्रेस दिसतो. म्हणजे बघा, १८४५ ते ४९ मध्ये बटाट्याचं पीक गेलं आणि मोठा दुष्काळ पडला, तेव्हा घराघरातल्या बायका-मुलींना क्रोशाची लेस करायला शिकवली गेली, नन्सनी, जमीनदारांच्या बायकांनी, आणि त्या लेसच्या पैशावर कितीतरी घरं तगली. आयरिश क्रोशे म्हणून आपण जे इन्स्टावर सुंदर सुंदर म्हणून लाइक करतो त्यामागे भूक आहे.

मग कॉलेज. एनसीएडी, म्हणजे नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट अँड डिझाइन, थॉमस स्ट्रीटवर, म्युझियमपासून नदी ओलांडून चालत जाता येतं. संस्था १७४६ ची, सध्याचा कॅम्पस म्हणजे पॉवर्सची जुनी व्हिस्कीची डिस्टिलरी, आवारात अजून तांब्याची प्रचंड भांडी उभी आहेत. प्रसिद्ध फॅशन डिझायनर सिमोन रोशा इथलीच. जूनमधलं वर्षअखेरीचं प्रदर्शन सगळ्यांना खुलं आणि फुकट असतं, रॅम्पवरचा फॅशन शो वेगळा. माझं स्पष्ट मत आहे की रॅम्पचं तिकीट नाही मिळालं तर अजिबात वाईट वाटून घेऊ नका. रॅम्पवर कपडा दहा सेकंद दिसतो, प्रदर्शनात तुम्ही शिवण उलटून बघू शकता (विचारून!), सॅम्पलच्या वह्या चाळू शकता, आणि बऱ्याचदा करणारा किंवा करणारी शेजारीच उभी असते.

एका मुलीचा कोट होता, मला तो अजून डोळ्यासमोर दिसतोय. जाडसर, नमद्यासारखा (न विणता, दाबून घट्ट केलेली लोकर), मळकट पांढरा, आणि डाव्या खांद्यावर निळा धब्बा. मला वाटलं प्रिंट आहे. ती म्हणाली, नाही, हा मेंढीवरचाच रंग आहे. तिकडे डोंगरावर सगळ्यांच्या मेंढ्या एकत्र चरतात म्हणून प्रत्येक शेतकरी आपल्या मेंढीच्या अंगावर आपला रंग लावतो, कुणाचा निळा, कुणाचा लाल. गिरणीला अशी रंग लागलेली लोकर नको असते. हिने शेजारच्या शेतकऱ्याकडून तीच मागून आणली, गरम पाणी आणि साबण घालून हाताने मळून मळून तिचा नमदा केला, आणि निळा भाग मुद्दाम खांद्यावर येईल असा बेतला, कारण मेंढीच्याही तो तिथेच होता. अस्तराला आजीची जुनी चादर. आतल्या शिवणी फ्रेंच सीमच्या, म्हणजे कापडाची कड शिवणीच्या आत बंद केलेल्या, एक दोरा सुटलेला नाही. मी पंचवीस मिनिटं तरी तिथे उभी असेन.

तिला विचारलं शेतकऱ्याने किती पैसे घेतले, तर म्हणे काहीच नाही, उलट घेऊन जा म्हणाला. मेंढी कातरायला जो खर्च येतो तेवढेही पैसे तिकडे लोकरीचे येत नाहीत. हे ऐकून मला थेट आपलं कोल्हापूरकडचं घोंगडीचं गाव पट्टणकोडोली आठवलं, आपल्या दख्खनी मेंढीच्या लोकरीचं अगदी हेच झालंय, धनगर लोकर कातरतात आणि टाकून देतात आणि घोंगडी विणणारी घरं कमी कमी होत चाललीयेत. दोन देश, एकच दुखणं. फरक एवढाच की तिकडे बावीस वर्षांची पोरगी शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी त्या लोकरीकडे वळतेय. आपल्या फॅशन कॉलेजातल्या कुणी हे वाचत असेल तर कृपा करून घोंगडीकडे बघा.

लिमरिकला नक्की जा. डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून ट्रेन, दोन-सव्वादोन तास, कधी लिमरिक जंक्शनला बदलावी लागते, ऑनलाइन आधी काढलं तर स्वस्त पडतं. इथलं लिमरिक स्कूल ऑफ आर्ट अँड डिझाइन फॅशनसाठी नावाजलेलं आहे आणि त्याचा क्लेअर स्ट्रीटचा कॅम्पस म्हणजे पूर्वीचा गुड शेफर्ड कॉन्व्हेंट. त्याच आवारात मॅग्डलेन लॉन्ड्री होती. लग्नाआधी दिवस गेलेल्या, घरच्यांना नकोशा झालेल्या, गरीब अशा बायकांना तिथे ठेवून बिनपगारी धुणं धुवायला लावायचे, कितीतरी जणींचं आयुष्य त्यातच संपलं. देशातली शेवटची अशी लॉन्ड्री १९९६ ला बंद झाली आणि सरकारने जाहीर माफी मागितली ती २०१३ ला. आज तिथे मुलंमुली कापड कापायला शिकतात. ते आवार बघताना हे माहीत असलंच पाहिजे असं मला वाटतं.

रोशीन पिअर्स या आयरिश डिझायनरचं काम याच इतिहासाला भिडतं. ती एनसीएडीची. २०१९ मध्ये फ्रान्सच्या इएर या फॅशन फेस्टिव्हलमध्ये तिला शनेलचं मेतिए दार, म्हणजे हस्तकलेचं पारितोषिक मिळालं, सगळं पांढरं, क्रोशे, स्मॉकिंग (चुण्या धरून वर घातलेले टाके), कापड वाया न घालवता, आणि विषय मॅग्डलेन लॉन्ड्रीतल्या बायका. आईसोबत काम करते. तिचे फोटो जायच्या आधी बघून ठेवा, मग म्युझियममधली लेस वेगळी दिसते.

लिमरिकमध्ये अजून दोन ठिकाणं, दोन्ही चालत. हेन्री स्ट्रीटवरच्या लिमरिक म्युझियममध्ये लिमरिक लेस आहे, जाळीवर हुकाने भरलेली, इतकी बारीक की चष्मा विसरू नका. आणि हंट म्युझियमकडे सिबिल कॉनोली या १९५० च्या दशकातल्या डिझायनरचा संग्रह आहे, तिने लिननला अशा चुण्या घातल्या की एक वार चुणीदार कापडाला नऊ वारांपर्यंत लिनन लागायचं, म्हणजे अख्खी नऊवारी! जॅकी केनेडीच्या व्हाइट हाउसमधल्या पोर्ट्रेटमधला ड्रेस तिचाच. सध्या कुठल्या वस्तू मांडल्यात ते दोन्हीकडे आधी विचारून जा.

शेवटी डोनेगल, आयर्लंडच्या वायव्य टोकाचा भाग, जमत असेल तरच. तिकडे ट्रेनच नाही, डब्लिनहून डोनेगल टाउनपर्यंत बस आणि पुढे किलकार गावाला जायला अगदी मोजक्या बसेस, म्हणून एक रात्र तिकडेच राहा. किलकारला स्टुडिओ डोनेगलमध्ये हातमाग चालताना बघता येतो, शेजारीच सूतगिरणी. डोनेगल ट्वीड या जाडसर लोकरी कापडातले ते रंगीत ठिपके छापलेले नसतात, कताईच्या वेळीच लोकरीच्या छोट्या रंगीत गुठळ्या मिसळतात, आणि कॉलेजातली मुलं गिरण्यांमधले उरलेले कापडाचे तुकडे आणि सुताचे कोन (गुंडाळ्या) घेऊन त्यावर काम करतात.

खरेदीबद्दल थोडं, कारण इथे लोक फसतात. दुकानात आयरिश लिहिलंय म्हणजे लोकर आयरिश असं नाही, बऱ्याच ट्वीडमधली लोकर ऑस्ट्रेलियाची वगैरे असते. तीन प्रश्न विचारा, मेंढी कुठली, सूत कुठे कातलं, विणलं कुठे. चांगला दुकानदार आनंदाने सांगतो. आणि अरान स्वेटरची, म्हणजे अरान बेटांवरच्या त्या जाड नक्षीदार विणीच्या स्वेटरची, ती प्रसिद्ध गोष्ट, की प्रत्येक घराण्याची नक्षी वेगळी आणि बुडालेला कोळी त्यावरून ओळखायचे, ती खरी नाही. १९०४ च्या एका नाटकात मोज्याच्या टाक्यांवरून प्रेत ओळखतात, तिथून ती पसरली. स्वेटर जरूर घ्या, हाताने विणलेला घ्या, पण घराण्याच्या नक्षीचे जास्तीचे पैसे देऊ नका. मला याचा राग येतो कारण खऱ्या गोष्टी इतक्या आहेत.

प्रदर्शनातल्या वस्तू सहसा लगेच विकत मिळत नाहीत, पण आवडलं तर त्या मुलाला-मुलीला तिथेच सांगा, इन्स्टाचं नाव लिहून घ्या, फोटो विचारून काढा. कॉलेज संपल्यावर त्यांच्याकडे मशीन नसतं, जागा नसते, आणि पहिली ऑर्डर फार मोठी गोष्ट असते. घासाघीस करू नका, हाताने केलेल्या कोटाला महिना लागतो. मापं सेंटीमीटरमध्ये पाठवा, खांदा आणि बाहीची लांबी दोनदा मोजून, आणि भारतात पाठवताना कस्टम्सची ड्यूटी कोण भरणार ते पैसे द्यायच्या आधी लेखी ठरवून घ्या.