तुम्ही विचारलंत म्हणून: पितळेची भांडी चकचकीत का नाही करत?

घरी येणारं जवळपास प्रत्येकजण हेच विचारतं, की एवढी जुनी पितळेची भांडी आहेत तर पॉलिश का नाही करून घेत, सोन्यासारखी दिसतील. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

आमच्या हॉलमध्ये गावच्या घरातलं अंघोळीच्या पाण्याचं घंगाळ आहे, पाणी भरायचे गुंड आहेत, धान्य मोजायची पायली आहे, बैलांच्या गळ्यातल्या घंट्या आहेत, आणि ते सगळं मी मुद्दामच काळपट ठेवलंय. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, हवा लागून त्यावर हळूहळू तपकिरी थर चढतो, ती घाण नाही, उलट आतल्या धातूला तो थर सांभाळतोच. पॉलिश करताना बफिंगच्या, म्हणजे घासून चमकवायच्या, चाकावर धरलं की तो थर तर जातोच पण सोबत धातूही थोडा झिजतो, आणि जुन्या भांड्यांवर टिंबंटिंबं ठोकून नावं घातलेली असतात ना, कोणी दिलं, कोणत्या गावचं, ती पुसट होत जातात. आमच्या एका गुंडाच्या काठावर आजेसासूबाईंचं माहेरचं गाव आहे, नीट दिसत नाही पण बोट फिरवलं की लागतं. ते घालवून मला चमक नकोय!

हिरवे डाग मात्र राहू द्यायचे नाहीत. तेवढ्या डागापुरती चिंच लावा, लगेच धुवा, पुसून उन्हात ठेवा. आणि नागपुरात एक गोष्ट बघाच, कूलरची ओली हवा थेट भांड्यावर येत असेल तर उन्हाळ्यातच डाग पडायला लागतात, त्यामुळे घंगाळ कूलरच्या झोतात नकोच.

विकत घेणार असाल तर नागपूरच्या इतवारी बाजारात फिरा, भंडारा तर पितळी भांड्यांसाठी आधीपासून प्रसिद्धच आहे. फक्त केमिकलनं काळी केलेली नवी भांडीही ॲन्टिक म्हणून विकतात, ती सगळीकडून सारखीच काळी दिसतात. खरं वापरलेलं भांडं हात लागतो तिथं उजळ असतं, खाचेत काळं, आणि बूड घासलेलं. भोक पाडून लॅम्प करायचा विचार असेल तर प्लीज नवं भांडं घ्या, जुन्याला हात लावू नका.

स्वयंपाकाला वापरायची असतील तर आतून कल्हई, म्हणजे कथलाचा पातळ थर, पाहिजेच, कल्हई उडालेल्या भांड्यात ताक, कढी, चिंचेचं सार काहीच ठेवायचं नाही. नुसती मांडून ठेवायला कल्हई लागत नाही.