निळी लाट आणि तारलीचं जेवण

हिवाळा सुरू झाला की माझ्या फोनवर निळ्या लाटांचे व्हिडिओ यायला लागतात. कधी देवबाग, कधी जुहू, कधी गुहागर. मी सिंधुदुर्गात एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, त्यामुळे नात्यातला प्रत्येक जण तो व्हिडिओ मला पाठवतोच, "हा काय प्रकार आहे गं?" असं विचारत. दरवेळी दोन ओळींत उत्तर देते आणि दरवेळी वाटतं की खरं सांगायचं ते राहिलंच. म्हणून आज सविस्तर.

हा उजेड बहुतेक वेळा नोक्टिल्युका सिंटिलान्स नावाच्या एकपेशीय जीवाचा असतो. लाट फुटली, वल्हं लागलं, कुणी पाण्यात पाय आपटला की पेशीतली रसायनं निळी चमक देतात. प्लवक, म्हणजे पाण्यासोबत वाहत राहणारे असे बारीक जीव, गोळा करायची आमची जाळी म्हणजे बारीक नायलॉन कापडाची निमुळती पिशवी, शेपटाला बाटली बांधलेली. होडीमागे ती सावकाश ओढायची आणि बाटलीतलं पाणी काचेच्या बशीत ओतायचं. नोक्टिल्युका नुसत्या डोळ्यांनीही दिसतो, भिजलेल्या साबुदाण्याच्या कणीसारखा. सूक्ष्मदर्शकाखाली त्याची जाडसर सोंड संथ हलत असते आणि त्यानं काय काय गिळलंय ते पेशीच्या आरपार दिसतं: डायटम नावाच्या एकपेशीय शैवालांच्या साखळ्या, आणि कधीकधी कोपेपॉडची अंडी.

त्या अंड्यांपाशी मी विद्यार्थ्यांना थांबवते. कोपेपॉड म्हणजे जेमतेम मिलिमीटरभर लांबीचे कवचधारी प्राणी. डायटम खायचे आणि लहान माशांच्या पोटात जायचं, एवढ्यावर समुद्रातली निम्मी मासळी उभी आहे असं म्हटलं तरी फार चुकणार नाही. नोक्टिल्युका त्यांचं जेवणही खातो आणि त्यांची पुढची पिढीही.

त्यातच याचा एक हिरवा प्रकार आहे. त्याच्या पेशीत हजारो सूक्ष्म हिरवी शैवालं राहतात आणि उन्हावर अन्न तयार करून यजमानाला पुरवतात. बाहेर खायला मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तरी घरचं आहेच.

आता हवामानाकडे येते. उत्तर अरबी समुद्रात, म्हणजे गुजरातपासून ओमानपर्यंतच्या पाण्यात, हिवाळ्यात हिमालयाकडून कोरडे गार वारे येतात. वरचं पाणी थंड होऊन जड होतं, खाली बसतं, आणि खालचं नायट्रेट-सिलिकेटनं भरलेलं पाणी वर येतं. सिलिकेट महत्त्वाचं, कारण डायटमचं कवच सिलिकाचं असतं. पूर्वी फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे डायटमचा बहर यायचा तो या घुसळणीमुळे. हिमालय-तिबेटवरचा बर्फ कमी होत गेला तसे हे वारे उबदार आणि दमट झाले, घुसळण कमी पडली, डायटमची उपासमार सुरू झाली. शिवाय खालचं पाणी प्राणवायूला आधीच पारखं. अशा पाण्यात बाकीचे गुदमरतात, हिरव्या नोक्टिल्युकाचं मात्र बरं चालतं. हेल्गा गोम्स, जोआकिम गोएस हे समुद्रशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हे मांडलं, आणि २०२० मध्ये गोएस यांच्या गटानं बर्फाशी असलेला धागा आणखी स्पष्ट केला. या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जो तिथे क्वचित आढळायचा, तो आता मैलोन्‌मैल पाणी हिरवं करतो. आणि एवढं उगवतं ते खाणारं कोण? मुख्यतः साल्प, म्हणजे पाणी गाळून खाणारे पारदर्शक, मऊ प्राणी, आणि जेलीफिश. सुरमई-बांगड्यापर्यंत त्यातलं फारच थोडं पोचतं.

मालवणचं पाणी उथळ आणि खाड्यांच्या तोंडचं, तिथला हिशेब थोडा वेगळा. इथे नद्यांचं गोडं पाणी आहे, मुंबईसारख्या ठिकाणी सांडपाणी आहे. प्रत्येक निळ्या लाटेचं खापर मी हिमालयावर फोडणार नाही. पण बशीत मला दोन्ही दिसतात, पारदर्शकही आणि हिरवेही, आणि हिरवे दिसले की मन चरकतं.

याच गोएस यांनी २००५ मध्ये लिहिलं होतं की अरबी समुद्राच्या पश्चिम भागात वनस्पती-प्लवक, म्हणजे डायटमसारखी सूक्ष्म शैवालं, वाढतंय, कारण तापणाऱ्या जमिनीमुळे पावसाळी वारे जोर धरतायत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले (आयआयटीएम) रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकारी यांनी २०१६ मध्ये दाखवलं की पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत हेच प्लवक वीस टक्क्यांपर्यंत घटलं, कारण वरचा तापलेला थर खालचं खत वर येऊ देत नाही. किती, यावरचा हा वाद मोलाचाच आहे. माझ्या लेखी मोठा प्रश्न कोण, म्हणजे कुठलं प्लवक, हा आहे.

साधं गणित करा. एका पायरीवरून पुढच्या पायरीवर ढोबळमानानं दहावा हिस्सा पोचतो. १००० किलो डायटम, त्यावर १०० किलो कोपेपॉड, त्यावर १० किलो लहान मासे, त्यावर १ किलो सुरमई. पाणी तापून थर पक्के झाले, खत आटलं, की मोठे डायटम मागे पडतात आणि अतिसूक्ष्म पेशी जिंकतात, कारण इवल्या पेशीला थोडक्या खतात भागवता येतं. पण त्या इतक्या बारीक की कोपेपॉडला धरून खाता येत नाहीत. मध्ये आणखी एक सूक्ष्म खाणारा लागतो. एक पायरी वाढली आणि किलोभराची सुरमई १०० ग्रॅमवर आली. उपग्रहाला मात्र समुद्र तेवढाच हिरवा दिसेल.

तारलीचं उदाहरण सगळ्यात बोलकं. फ्रॅजिलेरिया ओशियानिका हा डायटम दिसला की तारली येणार, हे मलबार किनाऱ्यावरच्या अभ्यासकांनी १९५० च्या दशकातच लिहून ठेवलंय. केरळात २०१२ मध्ये सुमारे ४ लाख टन तारली उतरली. २०२१ मध्ये साडेतीन हजार टनांहूनही कमी. यात पिल्लं ओरबाडणाऱ्या जाळ्यांचा वाटा आहे, तो नाकारून चालणार नाही. पण पावसाळ्यात खालचं थंड पाणी वर येण्याचं वेळापत्रक बिघडलं की अंड्यातून निघालेल्या पिल्लासमोर ताट रिकामं असतं, हेही तितकंच खरं. गेल्या काही दशकांत हीच तारली उत्तरेला सरकत आपल्या किनाऱ्यावर वाढली. आमच्या बाजारात तिचे वाटे लागतात तेव्हा लोक खूश होतात. मी पण घेते, पण ती कुठलं घर सोडून आली असेल हा विचार सुटत नाही.

ज्यांच्या होडीतून मी जाळी ओढते ते काका एकदा म्हणाले, "मॅडमानू, पाणी चमाकला काय माशाक जाळा दिसता. मगे तो कित्याक येतलो?" किनाऱ्यावरचे पर्यटक ज्यासाठी टाळ्या वाजवतात, त्यानं काकांची रात्र फुकट जाते. तेही याच साखळीचं एक टोक आहे.

उत्तर समुद्रात मालवाहू जहाजांमागे प्लवक टिपणारं यंत्र १९३१ पासून ओढलं जातंय. थंड पाण्यातला एक कोपेपॉड उत्तरेला सरकला आणि त्याची जागा कमी कसाच्या भावंडानं घेतली, हे तिकडच्यांना कळलं ते त्या नोंदींमुळे. आपल्याकडे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं कांदोळीसमोरचं नोंदी घेण्याचं ठाणं आहे. राजापूर, देवगड, वेंगुर्ला, प्रत्येक बंदरासमोर तसं काही असावं असं मला मनापासून वाटतं. तोवर माझ्या विद्यार्थ्यांना मी एक वही दिली आहे. चमक दिसली की तारीख, भरती की ओहोटी, पाण्याचं तापमान, आणि उजाडल्यावर पुन्हा जाऊन पाण्याचा रंग: तांबूस (म्हणजे पारदर्शक नोक्टिल्युकाची गर्दी) की हिरवा.