गेट चार आणि दोन आकडे

मी एका फुटबॉल क्लबमध्ये तिकीट आणि गेटचं काम बघते, यंदा सातवा सीझन. क्लबचं नाव लिहीत नाही, अजून तिथेच नोकरी करते आणि तो क्लब मला आवडतो म्हणूनच हे लिहितेय. मॅचच्या दिवशी कुठली गेटं उघडायची, कुठल्या गेटवर कोण उभं राहणार, स्कॅनर चालतायत का, आत किती माणसं आली हे दर पाच मिनिटांनी कंट्रोल रूमला कळवायचं, एवढंच माझं काम. मॅच मी जवळजवळ कधीच बघत नाही. गोल झाला की आवाजावरून कळतं, आणि गेल्या दोन वर्षांत तो आवाज बहुतेक वेळा पाहुण्या टीमच्या कोपऱ्यातूनच येतो.

आमच्याकडे प्रत्येक मॅचचे दोन आकडे असतात, हे बाहेरच्या लोकांना फारसं माहीत नसतं. एक विकलेल्या तिकिटांचा, एक खरंच आत आलेल्या माणसांचा. सीझन तिकीटवाला त्या दिवशी घरी बसला तरी पहिल्या आकड्यात तो असतोच, कारण त्याची खुर्ची विकली गेलीय. स्पीकरवरून सांगतात तो पहिला आकडा, आणि दुसरा सेफ्टीवाल्यांकडे जातो कारण आग लागली तर बाहेर किती माणसं काढायची हे त्यांना खरं कळायला लागतं. हे फक्त आम्हीच करतो असं नाही, इंग्लंडमधले बरेच क्लबही विकलेल्या तिकिटांवरूनच प्रेक्षकसंख्या जाहीर करतात. टीम जिंकत होती तेव्हा दोन आकड्यांत पाचसहाशेचा फरक असायचा, त्यामुळे कुणाला काही वाटायचं नाही, मलाही नाही.

मग आम्ही खालच्या विभागात घसरलो. त्यातून वर येण्याऐवजी यंदा तिथेही तळाला. एका सीझनमध्ये तीन कोच झाले. आमच्याच अकादमीत वाढलेला पोरगा जानेवारीत विकला आणि ती बातमी आमच्या लोकांना समोरच्या क्लबने टाकलेल्या फोटोवरून कळली, आमच्या ऑफिसातून कुणी दोन ओळी लिहायची तसदी घेतली नाही. फॅन लोकांनी पत्रं दिली, सह्या गोळा केल्या, मीटिंग मागितली. उत्तर नाही. हरण्याबद्दल मला कुणीही गेटवर येऊन बोललेलं आठवत नाही खरं सांगायचं तर, लोक हरणं पचवतात. जर्मनीत हॅम्बुर्ग २०१८ मध्ये पहिल्यांदा बुंडेसलीगातून, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या विभागातून, खाली गेलं, १९६३ पासून एकही सीझन न चुकवलेला तो एकमेव क्लब होता, आणि खालच्या विभागातही त्यांचं स्टेडियम भरत राहिलं, शेवटी २०२५ मध्ये ते वर आले. माझ्याकडे येणारी तक्रार वेगळी असायची. आम्हाला कुणी काही सांगत नाही, ही.

लोक एका दिवसात सोडून जात नाहीत. हे मला स्कॅनरने शिकवलं. प्रत्येक कार्ड किती वाजता स्कॅन झालं ते सिस्टिममध्ये राहतं, आणि आधी जो माणूस मॅचच्या तासभर आधी आत जायचा तो अर्ध्या तासावर येतो, मग दहा मिनिटांवर, मग मॅच सुरू झाल्यावर. चार कार्डं एकदम स्कॅन व्हायची तिथे तीन होतात, मग दोन. मग एक दिवस तेही नाही. तक्रार न करता, न भांडता. मी हे सगळं बघत होते, दर मॅचनंतर रिपोर्टमध्ये वेळेचा तक्ता जोडत होते आणि तो कुणी उघडूनसुद्धा बघत नव्हतं.

मार्चमध्ये फॅन ग्रुपने कळवलं की पुढच्या घरच्या मॅचला दक्षिण स्टँडवाले पहिला हाफ बाहेर उभे राहणार, दुसऱ्या हाफला आत येणार. असं इतर ठिकाणी झालेलं आहे. २०१२ च्या शेवटी शेवटी जर्मनीतल्या स्टेडियममध्ये लोक पहिली १२ मिनिटं १२ सेकंद गप्प बसले होते, नवीन सुरक्षा नियमांच्या विरोधात. २०१६ च्या फेब्रुवारीत लिव्हरपूलचे हजारो लोक ७७ व्या मिनिटाला उठून निघून गेले कारण तिकीट ७७ पौंडांपर्यंत नेणार होते, टीम २-० ने पुढे असताना निघून गेले, आणि काही दिवसांतच मालकांनी ती वाढ मागे घेतली. आमच्या ऑफिसात मात्र या बातमीने एकच प्रश्न उभा राहिला, टीव्हीवर कसं दिसेल.

माझा प्रश्न वेगळा होता. साधारण १८०० माणसं मध्यंतराच्या १५ मिनिटांत आत कशी घ्यायची? इंग्लंडच्या स्टेडियम सुरक्षेच्या मार्गदर्शक पुस्तकात एका टर्नस्टाईलमधून, म्हणजे एकेक माणूस आत सोडणाऱ्या फिरत्या फाटकातून, तासाला जास्तीत जास्त ६६० माणसं धरतात, म्हणजे मिनिटाला ११. गेट तीन आणि चार मिळून आमच्याकडे आठ टर्नस्टाईल, त्यातलं ४-ब दीड वर्ष बंद. राहिली सात. मिनिटाला ७७, पंधरा मिनिटांत ११५५. बाकीची साडेसहाशे माणसं दुसरा हाफ सुरू झाल्यावर बाहेर दाटीत उभी, आत आवाज चढलेला, मागचे पुढच्यांना ढकलणार. इंग्लंडमधल्या हिल्सबरो स्टेडियमला १५ एप्रिल १९८९ ला गेटबाहेर अशीच गर्दी दाटली, मॅच उशिरा सुरू केली नाही, एक मोठं गेट उघडलं, लोक सरळ मधल्या बोगद्यातून आधीच भरलेल्या भागात गेले आणि ९७ जीव गेले. पुढे चौकशीत सिद्ध झालं की चूक लोकांची नव्हती. आमच्या कामात येणाऱ्या प्रत्येकाला हे शिकवतात आणि मला त्या आठवड्यात झोप लागत नव्हती.

मग मी स्वतः फॅन ग्रुपच्या पोराला फोन केला. वरून परवानगी घेतली नाही. चोवीस पंचवीस वर्षांचा असेल, ढोल वाजवणाऱ्यांचा लीडर. मी म्हटलं, तुम्ही काय बोलणार, काय बोर्ड धरणार त्यात मी पडत नाही, पण आत यायचं गणित माझ्यासोबत बसून कर. आला बिचारा. दोन तास बसला. गेट पाचही त्यांच्यासाठी उघडायचं ठरलं, आणखी चार टर्नस्टाईल, एकूण अकरा, मिनिटाला १२१, पंधरा मिनिटांत १८१५. कागदावर बसत होतं. पण हा झाला सगळ्यात जास्त वेग, प्रत्यक्षात तेवढा कधीच मिळत नाही, म्हणून गरज पडली तर दुसरा हाफ दहा मिनिटं उशिरा सुरू करायचं मी मॅच अधिकाऱ्यांकडून आधीच मान्य करून घेतलं. त्यांची ४० पोरं रांगा लावायला माझ्या स्टुअर्डसोबत, म्हणजे गर्दी सांभाळणाऱ्या माणसांसोबत, उभी राहणार होती. निघताना तो म्हणाला, ताई, तीन वर्षांत क्लबमधून आम्हाला आलेला हा पहिला फोन.

त्या दिवशी सगळं शिस्तीत चाललं होतं. बाहेर १८०० च्या आसपास माणसं, गाणी चालू, कुणी दगड उचलला नाही की कुणी शिवी दिली नाही. आत दक्षिण स्टँड रिकामा, नुसत्या खुर्च्या. विसाव्या मिनिटाला आम्ही गोल खाल्ला तो बाहेर कुणाला कळलाही नाही इतकी आत शांतता होती.

गेट चारवर एक काका नेहमी असतात. सत्तरीच्या पुढचे, कायम ४-अ मधूनच जाणार आणि जाताना बंद पडलेल्या ४-ब वर हात ठेवून मला विचारणार, हे कधी होणार गं पोरी. दर मॅचला. मी सात वर्षांपूर्वी लागले तेव्हापासून त्यांचं कार्ड एकदाही चुकलं नव्हतं, मी बघितलंय. त्या दिवशी तेही बाहेर होते, रेलिंगला टेकून. मी म्हटलं, काका तुम्ही आत जाऊन बसा, पाय दुखतील. म्हणाले, सगळे जातील तेव्हा जाईन.

प्रेक्षकांचा आकडा आम्ही एरवी सत्तराव्या मिनिटाच्या आसपास सांगतो. त्या दिवशी जाहिरातदार कंपनीची माणसं मध्यंतरानंतर निघणार होती, म्हणून वरून निरोप आला की आकडा मध्यंतरातच सांगा. मी कंट्रोल रूममधून नेहमीप्रमाणे पाठवला. डोक्यात रांगा होत्या, टर्नस्टाईल होती, त्या दहा सेकंदांत मी दुसरा काही विचारच केला नाही. नेहमीचाच रकाना, नेहमीचंच बटण. आणि शिट्टी वाजून दोन मिनिटं झाली असतील, गेटवरून पहिली शंभरेक माणसं आत आली असतील, तेवढ्यात स्पीकरवरून आवाज आला, आजच्या मॅचला उपस्थित असलेल्या ९२१४ प्रेक्षकांचे क्लबतर्फे मनापासून आभार.

आमचे स्पीकर बाहेरही ऐकू जातात.

माझ्या स्क्रीनवर आत आलेल्यांचा आकडा ३२०० च्या आत होता.

मी धावत गेट चारवर गेले. गाणी थांबलेली. ढोल थांबलेला. मला वाटलं आता आरडाओरडा होणार, गेट हलवणार, आणि त्यासाठी मी तयार होते, त्याचं ट्रेनिंग आहे मला. पण लोक एकमेकांकडे बघत होते फक्त. आणि काका माझ्याकडे बघून अगदी साध्या आवाजात म्हणाले, "म्हणजे मला आत धरलंय?"

मी काही बोलले नाही. काय बोलणार होते.

"मी इथे उभा आहे, आणि मला आत धरलंय. मग मी आलो काय आणि नाही आलो काय." कार्ड खिशात ठेवलं आणि वळले. तो आकडा मी पाठवलाय हे त्यांना ठाऊक नव्हतं.

त्यांच्यामागे आणखी लोक वळले. कुणी कुणाला चला म्हटलं नाही. ज्या रांगा आम्ही दोन तास बसून आखल्या होत्या त्याच रांगांनी लोक उलटे चालत गेले, इतक्या शिस्तीत की माझ्या स्टुअर्ड पोरांना कळेना की आपण करायचं काय. ढोलवाला पोरगा ढोल पाठीवर टाकून माझ्यासमोरून गेला, थांबला, म्हणाला, ताई तुमचं गणित बरोबर होतं. मग तोही गेला. सहाशेच्या आसपास माणसं आत गेली शेवटी, लहान मुलं बरोबर असलेले जास्त करून. दुसरा हाफ वेळेवर सुरू झाला. एक मिनिटही उशीर करायला लागला नाही.

रात्री रिपोर्ट लिहायला बसले तर मला २०१९ मधला ‘बरी’ (Bury) नावाचा क्लब आठवत राहिला. इंग्लंडमधला जुना क्लब, १८८५ चा, एफए कप ही तिथली मोठी स्पर्धा दोनदा जिंकलेला. पैशाच्या भानगडीत मालकाने त्यांना पार संपवत आणलं होतं, आणि २७ ऑगस्टला, ज्या दिवशी लीगमधून काढायचा निर्णय आला त्याच दिवशी, शेकडो लोक येऊन स्टेडियम साफ करत होते, शनिवारी मॅच होईल या आशेवर. मालकावर राग असणारच त्यांचा, पण आपल्या खुर्च्या आपण पुसायच्या म्हणून आले. पुढे तेच ग्राउंड परत मिळवून २०२३ पासून बरीच्याच नावाने पुन्हा खेळायला लागले. आमचेही लोक आले असते. मी खात्रीने सांगते, हाक मारली असती तर ते १८०० लोक ४-ब स्वतः खोलून दुरुस्त करून गेले असते. आम्ही त्यांना हाक न मारता मोजत बसलो, आणि मोजलंही खोटं.

रिपोर्टमध्ये मी दोन्ही आकडे लिहिले, खाली लिहिलं की मध्यंतरातला आकडा मी पाठवला आणि त्यामुळे लोक परत गेले, आणि यापुढे आत आलेल्यांचाच आकडा जाहीर करावा. सोमवारी वर बोलावलं. जाहिरातीच्या करारात प्रेक्षकसंख्या धरलेली असते, ते कारण मला समजावून सांगितलं, आणि ते कारण खरं आहे हे मलाही माहीत आहे. मी म्हटलं, मग तो आकडा जाहिरातदाराला पाठवा ना, लोकांना कशाला ऐकवता. दोन आठवडे हे चाललं. शेवटी निर्णय असा झाला की आकडा जाहीरच करायचा नाही. आता आमच्याकडे स्पीकरवर प्रेक्षकसंख्या सांगत नाहीत. यावर मला आनंद व्हावा की काय ते कळलं नाही, अजून कळत नाही.

पुढच्या दोन घरच्या मॅचना काकांचं कार्ड स्कॅन झालं नाही. मी दर दहा मिनिटांनी बघत होते, कामात लक्ष नव्हतं माझं. तिसऱ्या मॅचला, आम्ही खाली जाणार हे नक्की झालेलं होतं तेव्हा, काका आले. मॅच सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती. त्यांनी ४-ब वर हात ठेवला.

"झालं का गं हे?"

"नाही काका. अजून नाही."

"पत्र कुणाला द्यायचं?"

मी माझा पॅड काढून दिला. त्यांनी तिथेच, रेलिंगवर ठेवून, उभ्याउभ्या चार ओळी लिहिल्या, खाली सही केली, तारीख घातली, आणि ४-अ मधून आत गेले.